धावा तुम्ही, पावती कुठे?

गुरुग्राममध्ये हवेत जरा गारवा आला की सोसायट्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर परोपकाराला भरती येते. कुणी कॅन्सरसाठी धावतो, कुणी मुलींच्या शिक्षणासाठी चालतो, कुणी भटक्या कुत्र्यांसाठी स्वतःच्या विलायती कुत्र्यासकट चालतो. पाठोपाठ निधी कसा जमवायचा याच्या 'क्रिएटिव्ह आयडिया' सुरू होतात. क्लबहाउसमध्ये कपकेकचा स्टॉल. तंबोला. वाघाचा पोशाख घालून धावणे. दोन लाख जमले तर अमुक साहेब मिशा उतरवणार. ऑफिसात सीईओच्या पार्किंगच्या जागेचा महिनाभरासाठी लिलाव. गेल्या खेपेला आमच्या लिफ्टमध्ये एक क्यूआर कोड चिकटवला होता आणि खाली लिहिलं होतं, 'मी धावेन त्या प्रत्येक किलोमीटरला शंभर रुपये'. लिफ्ट वर जाईपर्यंत मी तो कागद नीट वाचला. पैसे कोणाच्या खात्यात जाणार हे त्यावर कुठेही नव्हतं. टी-शर्टाचा रंग मात्र दिला होता.

माझं म्हणणं सांगून टाकतो, म्हणजे नाराज व्हायचं त्यांना लगेच होता येईल. देणगी मागायला कल्पकता लागत नाही, धीर लागतो. मिळाल्यावर हिशेब लागतो. ज्यांच्याकडे या दोन्हींची वानवा असते त्यांनाच कपकेक सुचतात.

आमच्या सोसायटीतल्या एका धावेनंतर मी आयोजकांकडे जमाखर्च मागितला. उत्तरादाखल फोटोंच्या अल्बमची लिंक आली. ड्रोनने वरून टिपलेले फोटो होते आणि छान होते, खोटं का बोला. जमाखर्च पुन्हा मागितल्यावर शेजारचे गृहस्थ कळवळून म्हणाले, "भाईसाहब, इतने निगेटिव मत होइए." पैशाचा हिशेब मागणारा माणूस निगेटिव्ह, हा गुरुग्रामचा नवा नीतिनियम. पुण्याच्या आळीतलं साधं गणेश मंडळसुद्धा कार्बन घातलेल्या पावतीपुस्तकावर एकावन्न रुपयांची पावती फाडून देतं आणि चार शहाणे त्या मंडळाला शिव्या देत असले तरी जमाखर्चाचा फलक मंडपात लागतो. इथे आयआयएम शिकलेली माणसं निधी गोळा करतात आणि पावती मागितली की 'व्हाइब' बिघडते.

त्या धावेचं किट अजून माझ्या कपाटात आहे. कापडी म्हणवणारी पण प्लास्टिकची पिशवी. आत पॉलिस्टरचा टी-शर्ट, प्रोटीन बार, दातांच्या दवाखान्याचं सवलतीचं कूपन, फ्लॅट विकणाऱ्याचं माहितीपत्रक आणि पाच किलोमीटर चालून येणाऱ्या प्रत्येकासाठी रिबिनीतलं जडशीळ पदक. टी-शर्टाच्या पाठीवर प्रायोजकांची गर्दी होती. पॅथॉलॉजी लॅब ठळक, बिल्डर त्याहून ठळक. ज्या शाळेसाठी हा सारा खटाटोप होता तिचं नाव शोधावं लागलं. ते डाव्या बाहीवर, काखेच्या जरा वर होतं.

आता साधं गणित करा. समजा तीनशे जण आले आणि माणशी आठशे रुपये भरले. झाले दोन लाख चाळीस हजार. यातून टी-शर्ट, पदकं, वेळ मोजणारी चिप, हवा भरलेली कमान, डीजे, झुंबा घेणारी बाई, ड्रोनवाला, रुग्णवाहिका आणि केळी वजा करा. उरलं तर मुलांचं. एवढं सव्यापसव्य करण्याऐवजी तीनशे जणांनी घरी बसून आठ-आठशे रुपये शाळेच्या खात्यात टाकले असते तर सगळेच्या सगळे पोचले असते. पण मग इन्स्टाग्रामवर काय टाकणार? बँकेचा संदेश?

"पण खर्च तर प्रायोजक उचलतात ना," असं लगेच ऐकवलं जातं. गुरुग्राममध्ये हे ऐकवणाऱ्याची छाती जरा जास्तच फुगते, कारण सायबर सिटीत दगड मारला तर तो कुठल्यातरी बड्या कंपनीच्या काचेलाच लागेल. तर ऐका. कंपनी कायद्याचं कलम १३५ एप्रिल २०१४ मध्ये लागू झालं आणि ठरावीक आकारापलीकडच्या कंपन्यांना आधीच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे २ टक्के समाजकार्यावर, म्हणजे सीएसआरवर, खर्च करणं आलं. अडीच महिने जेमतेम लोटले, तोच १८ जून २०१४ रोजी कंपनी व्यवहार मंत्रालयाला परिपत्रक काढावं लागलं: मॅरेथॉन, पुरस्कार, जाहिराती, टीव्ही कार्यक्रमांचं प्रायोजकत्व असले एकवारचे उपक्रम सीएसआरमध्ये धरले जाणार नाहीत. यादीत पहिलं नाव मॅरेथॉनचं. सरकारी भाषेला शालजोडीतले मारणं क्वचित जमतं, पण इथे जमलं. पुढे २०२१ च्या नियमांनी आपल्या मालाची जाहिरात व्हावी म्हणून दिलेलं प्रायोजकत्वही वगळलं. म्हणजे कमानीवरचं कंपनीचं नाव हे दान नाही हे खुद्द मंत्रालयाने सांगून झालंय. ते जाहिरातीचं बजेट आहे. जाहिरात जरूर करा, धंदा आहे तुमचा. फक्त तिला पुण्याचा मुलामा देऊ नका आणि आम्हाला तिच्यासाठी रविवारी पहाटे उठवू नका.

मुंबई मॅरेथॉनचं उदाहरण माझ्या तोंडावर फेकलं जाईल हे मला ठाऊक आहे. २००४ पासून ती धावते आहे आणि २००९ पासून तिच्या देणग्यांचं काम युनायटेड वे मुंबई पाहते. त्यातून दरवर्षी कोट्यवधी रुपये संस्थांकडे जातात. नाकारत नाही. ड्रीम रनमध्ये गाडगेबाबांपासून स्पायडरमॅनपर्यंत सगळे वेष दिसतात, तेही मजेदार असतं. पण तो पैसा स्पायडरमॅन आणत नाही. तो आणतात ती माणसं, जी महिनोन्‌महिने ओळखीच्या प्रत्येकाला नाव घालून पत्र लिहितात, फोन करतात, नकार पचवतात, पुन्हा फोन करतात. ते काम कंटाळवाणं आहे, त्याचा फोटो निघत नाही, म्हणून आमच्याकडे नक्कल वेषाची होते, फोनची होत नाही. तिथे देणगी नोंदलेल्या संस्थेच्या नावे जाते आणि तिची पावती मिळते. आमच्याकडे ती एका 'बडे दिलवाले' शेजाऱ्याच्या यूपीआयवर जाते.

मुळात एक प्रश्न कुणी विचारत नाही. तू धावलास म्हणून मी पैसे का द्यायचे? टेरी फॉक्सच्या बाबतीत हा प्रश्न पडत नव्हता. कॅन्सरने उजवा पाय गमावलेला हा कॅनडाचा पोरगा १९८० मध्ये कृत्रिम पायावर देश ओलांडायला निघाला. १४३ दिवसांत ५,३७३ किलोमीटर धावला, आणि कॅन्सर फुप्फुसात पोचल्यावरच थांबला. पुढच्याच वर्षी तो गेला. त्याचं धावणं हेच त्याचं म्हणणं होतं. जाहिरातदारांचे प्रस्ताव त्याने झिडकारले होते आणि त्याच्या नावाने होणारी धाव आजही कंपन्यांच्या प्रायोजकत्वाशिवाय, स्पर्धेशिवाय चालते. आमचा धावपटू मात्र तसाही रोज गोल्फ कोर्स रोडवर धावतो, डॉक्टरने कोलेस्टेरॉल कमी करायला सांगितलंय म्हणून. त्याच्या कोलेस्टेरॉलला मी किलोमीटरमागे शंभर रुपये देऊ?

चालून मागण्याची परंपरा आपल्याकडे नाही असं नाही. उलट तिच्यात मराठी माणसांची मोठी कमाई आहे, फक्त टी-शर्ट नव्हते म्हणून ती मोजली गेली नाही. धोंडो केशव कर्वे हिंगण्याच्या आश्रमातून फर्ग्युसन कॉलेजात शिकवायला चिखल तुडवत पायी जात आणि संस्थेसाठी दारोदार पैसे मागत. कोणी पोशाख पाहून पैसे दिले नाहीत, कारण पोशाखात पाहण्यासारखं काही नव्हतं. आणि विनोबा! पोचमपल्लीला १८ एप्रिल १९५१ रोजी पहिलं भूदान मिळालं. त्याच वर्षी नेहरूंनी पंचवार्षिक योजनेवर बोलायला बोलावलं, तेव्हा विनोबा सप्टेंबरात पवनारहून पायी निघाले आणि नोव्हेंबरात दिल्लीत राजघाटाजवळ झोपडीत उतरले. वाटेत गावोगाव जमीन मागत. त्यांची 'क्रिएटिव्ह आयडिया' इतकीच होती की मला तुमचा आणखी एक मुलगा समजा आणि माझा वाटा द्या. तोंडावर, जमीनदाराच्या ओसरीवर. पुढच्या वर्षांत चाळीस लाख एकरांहून जास्त जमीन दानात लिहून मिळाली. त्यातली बरीचशी नापीक निघाली, कज्ज्यांत अडकली, खूप मोठा भाग वाटलाच गेला नाही. भूदानावर टीका करणाऱ्यांचं हे म्हणणं खरं आहे. पण ते आपल्याला ठामपणे म्हणता येतं कशामुळे? सही केलेली दानपत्रं होती म्हणून. अपयशसुद्धा मोजता यावं इतका तो व्यवहार चोख होता. आमच्या सोसायटीच्या धावेचं यशही मोजता येत नाही.

ब्रिटनचे कॅप्टन टॉम मूर आठवत असतील. शंभरीला टेकलेला माणूस २०२० मध्ये वॉकर धरून आपल्या बागेत शंभर फेऱ्या मारतो आणि तिथल्या आरोग्यसेवेच्या धर्मादाय संस्थांसाठी ३ कोटी पौंडांहून जास्त रक्कम जमते. ते पैसे पोचले. पण त्यांच्या नावाने नंतर निघालेल्या वेगळ्या न्यासाची तिथल्या चॅरिटी कमिशनने चौकशी केली आणि नोव्हेंबर २०२४ च्या अहवालात कुटुंबीयांच्या कारभारावर ठपका ठेवला. राष्ट्राच्या लाडक्या आजोबांच्या न्यासाच्याही वह्या उघडल्या गेल्या. इथे क्लबहाउसच्या सेक्रेटरीला वही दाखवा म्हटलं तर पुढच्या दिवाळी मीटला आमंत्रण येत नाही.

बरं, चालायचं कुठे? गुरुग्रामात पदपथ ही अफवा आहे. मेट्रोतून उतरलेला माणूस नाला, ट्रान्सफॉर्मर आणि उभ्या गाड्या यांच्यामधून जीव मुठीत धरून ऑफिस गाठतो. म्हणूनच नोव्हेंबर २०१३ मध्ये इथे 'राहगिरी' सुरू झाली, रविवारी सकाळी काही रस्ते गाड्यांना बंद करून लोकांना मोकळे करण्याची. बोगोटाच्या धर्तीवरची ती कल्पना मला अजून आवडते, कारण तिला तिकीट नव्हतं आणि तिने कुणावर उपकार केल्याचा आव आणला नाही. आताच्या चॅरिटी वॉकसाठी मात्र रस्ता बंद होतो तो आठशे रुपये भरलेल्यांसाठी. आणि हवा? १९ नोव्हेंबर २०१७ च्या दिल्ली हाफ मॅरेथॉनआधी प्रदूषण इतकं होतं की इंडियन मेडिकल असोसिएशन ती पुढे ढकला म्हणून हायकोर्टात गेली होती. तरी शर्यत झालीच. अलीकडे मोठी शर्यत शहाण्यासारखी ऑक्टोबरात सरकली, पण आमच्या छोट्या पुण्यवंतांना डिसेंबरच्या धुरक्यातच फुप्फुसांच्या रुग्णांसाठी धावायचं असतं.

पायांचं कौतुक करून पैशाचा विषय टाळायची आमची खोड जुनी आहे. मे २०२० च्या लॉकडाऊनमध्ये याच शहरातून पंधरा वर्षांची एक मुलगी जखमी बापाला जुन्या सायकलच्या मागे बसवून दरभंग्याला गेली, सुमारे १,२०० किलोमीटर. बाप इथे ई-रिक्षा चालवायचा, अपघातात जायबंदी झाला होता, खोलीचं भाडं थकलं होतं. देशाला काय दिसलं? तिचा दम. सायकलिंग महासंघाने चाचणीला बोलावलं, अमेरिकेच्या अध्यक्षांच्या मुलीने ट्विट केलं. थकलेल्या भाड्याबद्दल कुणाला ट्विट सुचलं नाही.

'महिला सक्षमीकरणा'साठीच्या धावेची सकाळ मी बाल्कनीतून पाहिली आहे. मुख्य गेटमधून जांभळे टी-शर्ट ढोल वाजवत बाहेर पडत होते. बाजूच्या छोट्या गेटवर चक्करपूर आणि वजीराबादकडून आलेल्या कामवाल्या बायका रांगेत होत्या. रविवार असून लवकर बोलावलेल्या, कारण मॅडम धावून आल्यावर पोहे गरम हवेत. गार्ड एकेकीचा नंबर ॲपमध्ये टाकत होता. जाताना पिशव्या तपासल्या जातात त्या वेगळ्याच. त्यांना आठवड्याची एक पगारी सुट्टी द्यायची तर ना कमान लागते ना डीजे, आणि लाभार्थी शोधायला एनजीओही लागत नाही. हा विषय मी ग्रुपवर काढला होता. 'विषयाला धरून बोला' असं ॲडमिनने बजावलं.

तर यंदाचं आवाहन आलं आहे. कल्पना मागवल्यात, सर्वोत्तम कल्पनेला बक्षीस आहे. मी एक पाठवली. आमच्या नोटीसबोर्डावर मेन्टेनन्स थकवणाऱ्यांचे फ्लॅट नंबर रकमेसकट लाल अक्षरात लावतात. त्याच्याच शेजारी दुसरा कागद लावा: कोणत्या फ्लॅटने किलोमीटरमागे किती कबूल केले, त्यातले किती भरले, संस्थेच्या खात्यात किती तारखेला किती गेले आणि केळ्यांवर किती. हे लावणार असाल तर माझे पाच हजार आजच घ्या, चेकने, संस्थेच्या नावे. टी-शर्ट नको.

कमिटीचं उत्तर दोन दिवसांनी आलं. देणगीदारांच्या प्रायव्हसीचा प्रश्न असल्याने सूचना स्वीकारता येत नाही. बक्षीस वाघाला मिळालं.