कुटारावरची अळिंबी घरच्या ताटातही हवी

सोयाबीनची मळणी आटोपली की वाशीम जिल्ह्यात धुऱ्याधुऱ्यावर कुटाराचे ढीग लागतात. मालेगाव तालुक्यातील किन्हीराजाचा परिसरही त्याला अपवाद नाही. सुमारे ४० टक्के प्रथिने असलेला दाणा बाजारात जातो. त्याचे तेल निघते आणि ढेप बहुतांशी पशुखाद्यात जाते. मागे राहिलेले कुटार काही गुरांपुढे पडते, काही पेटवून दिले जाते.

याच कुटारावर धिंगरी अळिंबी चांगली येते. कुटारातील सेल्युलोज आणि लिग्निन माणसाला पचत नाही; ही बुरशी ते पचवून त्याचे अन्न करते. काडात नत्र अधिक असेल तर अळिंबीतील प्रथिनेही वाढू शकतात. या बाबतीत सोयाबीनचे कुटार गव्हाच्या काडापेक्षा सरस ठरते.

मात्र ‘मांसाला पर्याय’ ही जाहिरात दिशाभूल करणारी आहे. अळिंबीत २० ते ३० टक्के प्रथिने असतात, ती वाळलेल्या वजनावर. ताज्या अळिंबीत सुमारे ९० टक्के पाणीच असते. म्हणजे १०० ग्रॅम ताज्या अळिंबीतून जेमतेम ३ ग्रॅम प्रथिने मिळतात. एका अंड्यात ती ६ ग्रॅम असतात. बी-१२ जीवनसत्त्व तर नगण्यच. त्यामुळे वरण किंवा अंडे बंद करून अळिंबी खाणे शहाणपणाचे नाही, जोडीला खाणे आहे.

तिचे खरे गुण वेगळे आहेत. चरबी कमी, तंतुमय पदार्थ भरपूर, शिवाय पोटॅशियम, नायसिन आणि रायबोफ्लेविन. उन्हात ठेवल्यास तिच्यातील एर्गोस्टेरॉलपासून ‘ड’ जीवनसत्त्व तयार होते. शाकाहारी ताटात ते सहज मिळत नाही.

काळजीही हवी. अळिंबी वाफ्यातील कॅडमियमसारखे जड धातू शोषून घेते. म्हणून फवारणीचा अंश असलेले किंवा काळे पडलेले कुटार टाळावे आणि रसायनांऐवजी गरम पाण्याने निर्जंतुक करावे.

वाशीमचा समावेश २०१८ मध्ये आकांक्षित जिल्ह्यांत झाला. त्या जिल्ह्यांच्या मूल्यमापनात सर्वाधिक भर आरोग्य व पोषणावर आणि तितकाच शिक्षणावर आहे. तेव्हा अळिंबीच्या प्रशिक्षणात उत्पादन आणि भावाइतकाच आहारही शिकवला पाहिजे. पाकिटावर ताज्या वजनातील प्रथिने छापली पाहिजेत. दाणा तर गावाबाहेर जातोच. कुटारावर पिकलेले हे अन्नही सगळे शहरात गेले, तर पैसा येईल, पण गावातल्या मुलांचे पोषण आहे तिथेच राहील. निदान पहिली तोडणी तरी घरच्या कढईत पडावी.