पावती नको, परवाना पुस्तक द्या

अँड्रॉइडच्या बाजारातल्या वर्चस्वाचा गैरवापर केल्याबद्दल भारतीय स्पर्धा आयोगाने २० ऑक्टोबर २०२२ रोजी गूगलला १,३३७.७६ कोटी रुपयांचा दंड ठोकला, तेव्हा आमच्या ऑफिसात पेढे वाटायचेच काय ते बाकी होते. आकडा मोठाच. पण त्या वर्षी गूगलच्या मूळ कंपनीची, अल्फाबेटची उलाढाल सुमारे २८३ अब्ज डॉलर होती. भागाकार करून पाहा. दंड जेमतेम पाच तासांच्या उलाढालीएवढा.

मग दंड वाढवा, असं माझे सहकारी म्हणतात. २०२३च्या दुरुस्तीनंतर तो जागतिक उलाढालीच्या १० टक्क्यांपर्यंत जाऊ शकतो. जाऊ द्या. पण हा पैसा भारताच्या संचित निधीत जमा होतो. ज्या छोट्या अ‍ॅपवाल्याची वाट अडवली, त्याला भरपाई हवी तर त्याने अपील न्यायाधिकरणाकडे वेगळा अर्ज करायचा!

मी गडचिरोलीचा. मक्तेदारी कशी मोडते ते आमच्या जिल्ह्याने पाहिलंय. मेंढा-लेखाला २००९मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला. वनहक्क कायद्याने बांबू गौण वनोपज ठरवला, तरी वाहतूक परवाना वनखात्याच्याच हातात. त्यामुळे हक्क गावाचा, पण बांबू गावाबाहेर जाईना. २७ एप्रिल २०११ रोजी तत्कालीन केंद्रीय पर्यावरणमंत्री जयराम रमेश यांनी परवाना पुस्तकच ग्रामसभेच्या हाती दिलं. खात्याला कुणी एक रुपयाही दंड केला नाही, तरी मक्तेदारी मोडली.

गूगलच्या बाबतीत नेमकं उलटं घडलं. २९ मार्च २०२३ रोजी अपील न्यायाधिकरणाने दंड पूर्ण कायम ठेवला, पण आयोगाचे चार निर्देश रद्द केले. इतरांची अ‍ॅप-स्टोअर प्ले स्टोअरवरून मिळू द्या, हा त्यांतलाच एक. पावती फाडली, परवाना पुस्तक मालकाकडेच राहिलं.

सुरक्षिततेचं काय? प्रश्न खरा आहे. अनोळखी फाइल मीही आईच्या फोनवर टाकणार नाही. राखण जंगलालाही लागते. नियम जरूर असावेत, सगळ्यांना सारखे असावेत. पण ते लावणारा स्वतःच त्या बाजारातला दुकानदार नसावा.

म्हणून दंड किती, हे मागाहून विचारू. आधी हे सांगा, की उद्या सकाळी कोणाला कोणाच्या परवानगीवाचून आपला माल विकता येईल?