काटकसरीची कॉन्ट्री

आधी एक छोटंसं गणित करूया? आठवड्याला तीन कॉफ्या, प्रत्येकी 250 रुपयांच्या. शुक्रवारच्या टीम लंचची कॉन्ट्री 600. वर्षाच्या 52 आठवड्यांचे झाले... 70,200 रुपये! वाढदिवसाचे केक आणि गोव्याचा प्लॅन यात धरलेलाच नाही.

मी फ्रीलान्सर. बाणेरच्या एका ऑफिसात आठवड्यातले तीन दिवस बसते. आजूबाजूचे सगळे पगारी, माझं पेमेंट मात्र दोन-दोन महिने ‘प्रोसेस’मध्ये. त्यामुळे हे गणित मला तोंडपाठ. पण गणित पटतं, टिकत नाही हो! पाकिटातून नोट काढताना हात निदान थबकायचा तरी. 2016 मध्ये यूपीआय आलं आणि आता ‘टिंग’ झालं की खेळ खलास. कार्डावर बाकी ठेवलीत तर अनेक बँका महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या आसपास व्याज लावतात, म्हणजे वर्षाला 42! तरीही आपण सगळ्यांबरोबर निघतोच. ‘चिंगूस’ ही पदवी कुणाला हवी असते?

मला उपाय सापडला आईच्या भिशीत. या बायका वर्षानुवर्षं पैसे बाजूला टाकतात आणि कंटाळत नाहीत. का? कारण त्या एकट्या नसतात. आपल्याला खर्च करायला लावते ती संगत. मग बचतही संगतीनेच करावी ना!

ऑफिसातली एक मैत्रीण गाठली. होम लोनचा हप्ता भरता भरता तीही आमच्यात बसून गुपचूप महागडी कॉफी पीत होती. दोघींनी रिकरिंग डिपॉझिट उघडलं. तिने पोस्टात, कारण तिथे महिना 100 रुपयांपासून सुरुवात होते, मुदत पाच वर्षं आणि तीन वर्षं होईपर्यंत मोडता येत नाही. तिला तसंच कुलूप हवं होतं. मी बँकेत, कारण मध्येच मोडलं तर व्याज थोडं कमी मिळतं, पण पैसे अडकत नाहीत. पैसे जिच्या तिच्या खात्यात. फक्त दर 5 तारखेला एकमेकींना हप्ता भरल्याचं दाखवायचं. बस्स!

शुक्रवारचं लंच आम्ही सोडलेलं नाही. खऱ्या गप्पा तिथेच होतात. बाकी दिवशी खालच्या अमृततुल्यचा 15 रुपयांचा चहा. आता तिसरा भिडूही आलाय!

माझ्या बचतीचं नाव आहे ‘नाही म्हणायचा फंड’. गेल्या महिन्यात एकांनी अर्ध्या पैशात काम मागितलं, वर ‘एक्स्पोजर मिळेल’ हा डायलॉग. मी शांतपणे नाही म्हटलं. भाड्याची तारीख डोक्यावर असताना हे सुख 250 रुपयांच्या कुठल्याच कपात मिळत नाही.

तुमच्याही ग्रुपमध्ये मेनूकार्डाची उजवी बाजू आधी वाचणारं कुणीतरी नक्की असेल. त्याला हळूच विचारून बघा. तो वाटच बघत असेल!