पिशवी काढल्यानंतरची कावीळ

नारायणगाव-मंचर पट्ट्यात ‘दुर्बिणीनं पित्ताची पिशवी काढली’ हे आता बाया बाजारात जाता जाता सांगतात. चांगलंच आहे. १९९० मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डॉ. तेहमटन उडवाडिया यांनी देशात पहिल्यांदा पित्ताशय असं काढलं. त्याआधी बरगडीखाली वीतभर चीर पडायची, महिनाभर काम बंद. ही सोय खेड्यातल्या बाईला मिळालीच पाहिजे. मला राग आहे तो तिला घरी कसं पाठवतात याचा.

माझ्या धाकट्या जावेचं ऑपरेशन ऐन टोमॅटोच्या तोडणीत झालं. चौथ्या दिवशी डोळे पिवळे, लघवी गर्द, शौच पांढरट, अंगभर खाज. घरात सगळ्यांनी एकच ठरवलं, कावीळ झाली. आणि कावीळ म्हटली की आमच्याकडे झाडपाल्याचं औषध, तेल बंद, उसाचा रस सुरू. ऑपरेशन केलेल्या डॉक्टरांना फोन करावा हे कुणाच्या डोक्यातच आलं नाही. डिस्चार्ज कार्डावर गोळ्या आणि टाके काढायची तारीख, एवढंच होतं. ताप चढला, पोट फुगलं, तेव्हा पुण्याला निघालो. चाकणच्या कोंडीत ती माझा हात आवळून धरून बसली होती.

पित्तनलिका दुखावली होती. यकृतातून येणारी ही मुख्य नळी पिशवीच्या नळीला अगदी खेटून असते. सुजेनं सगळं चिकटलेलं असलं की भलतीच नळी कापली जाते. हजारांत तीन-चार जणांच्या बाबतीत असं होतं. जावेची नळी आतड्याला जोडावी लागली. नुसतं पित्त झिरपत असेल तर बहुतेकदा तोंडावाटे दुर्बीण घालून स्टेंट टाकला की भागतं, पण वेळेत पोचलं तर. पिशवीतून पोटात सांडून राहिलेल्या पित्तखड्यानं तर कधी वर्षांनंतर गळू होतं.

म्हणून कार्डावर ठळक मराठीत लिहा: ताप, वाढती पोटदुखी, उलट्या, फुगलेलं पोट, पिवळे डोळे, यातलं काहीही दिसलं तर त्याच दिवशी परत या. रात्री उचलला जाईल असा फोन नंबर द्या. खडे सांडले असतील तर तेही लिहा, पुढच्या डॉक्टरला कळू दे. पेशंट घाबरतो म्हणून सांगत नाही, हे मी मानत नाही. माझी जाऊ घाबरली असती तर चार दिवस आधी पोचली असती. आणि डिंभे धरणाच्या वरच्या वाड्यांत फिरणाऱ्या आशाताईंना एक वाक्य शिकवा: पिशवी काढल्यावर कावीळ दिसली, तर औषध देणाऱ्याकडे नाही, सर्जनकडे.