गळतीचे निदान

झाशीचे नाव मराठी वाचकास 1857 च्या रणसंग्रामामुळे परिचित आहे. आजच्या झाशीतील इलाइट चौराह्याची गजबज मात्र वाहनांची आहे. मे महिन्यात तेथे पारा 45 अंश सेल्सिअसपर्यंत चढतो. समजा, एखाद्या हौशी गृहस्थाने घरीच एंजिन खोलून पुन्हा जोडलेली मोटार अशा दुपारी त्या चौकात उभी आहे आणि आत पेट्रोलचा वास येऊ लागला आहे. अशा वेळी बहुधा काय घडते? बॉनेट उघडले जाते, हाती लागेल तो नट आवळला जातो आणि एंजिन पुन्हा सुरू करून पाहिले जाते. हे निदान नव्हे. हा जिवाशी खेळ होय.

उणे 40 अंशांच्या आसपासही पेट्रोलचे बाष्प ठिणगीने पेट घेऊ शकते. हवेत त्याचे प्रमाण दीड टक्क्याच्या जवळपास झाले तरी पुरे. हे बाष्प हवेहून तीन-चार पट जड असल्यामुळे गाडीखालीच साचून राहते. म्हणून एंजिन बंद करून माणसांनी प्रथम दूर व्हावे व गाडी निवू द्यावी. काडी ओढून गळती शोधणारे वीर अद्याप नामशेष झालेले नाहीत, हे येथे नमूद केलेले बरे.

घरी दुरुस्ती करणे हा दोष मुळीच नव्हे. दोष आहे तो विचारापूर्वी पाना उचलण्याचा. ज्या जोडास शेवटी हात लागला तो पहिला संशयित, हा साधा न्याय येथे लावावयास हवा. 1983 साली आलेल्या मारुती 800 मध्ये कार्बुरेटर होता. तशा एंजिनात खोलताना शिरलेला कचरा सुईझडपेत अडकला, तर तरंगकाचे पात्र भरून वाहते. इंजेक्शनच्या गाडीत इंधनाचा दाब बहुधा दर चौरस सेंटिमीटरला तीन किलोग्रॅमच्या आसपास, म्हणजे कार्बुरेटरच्या पंपाच्या सुमारे दहापट असतो. जुन्या गाडीत चालून गेलेली सैल पकड तेथे चालत नाही.

शिवाय थेंब जेथे पडतो तेथेच गळती असते असे नाही. पेट्रोल नळीवरून ओघळत सखल जागी येते. धार लागलेली असेल तर कारागिराची वाट पाहावी. केवळ ओलसरपणा असेल, तर एंजिन पूर्ण निवल्यावर मोकळ्या हवेत सर्व जोड पुसून कोरडे करावेत आणि वास ओसरू द्यावा. मग स्टार्टर न फिरवता किल्ली केवळ ‘ऑन’वर न्यावी. बहुतेक इंजेक्शनच्या गाड्यांत पंप काही क्षण चालून दाब निर्माण करतो. दुसऱ्याने आधीच लावलेल्या बॅटरीच्या उजेडात पाहावे. ओल दिसताच किल्ली बंद करावी.

अवाजवी आवळण्याचा अपाय दुहेरी आहे. ॲल्युमिनियममधील आटे निकामी होतात. आणि गळती दिवसभर थांबलीच, तर तिचे कारण तेवढे झाकले जाते. कित्येकदा कारण आवळण्यात नसतेच. वर्षानुवर्षे एकाच आकारात कडक झालेली रबरी नळी काढून पुन्हा बसवताना तडकते. इंजेक्टरची ओ-रिंग कोरडीच दाबली तर मुरडून कापली जाते; म्हणून तिला स्वच्छ एंजिन ऑइलचे बोट लावून ती बसवतात. हा काप इतका बारीक असतो, की रिंग बाहेर काढून उजेडात किंचित वाकवल्यावाचून तो दिसत नाही.