खोल गेलेले डोळे

डोळ्याच्या खोबणीत चरबीची मऊ गादी असते. ती धक्का झेलते, डोळा सहज फिरू देते. दीर्घ उपासमारीत शरीर साठलेली चरबी वापरून टाकते. ही गादीही झिजते आणि डोळे आत जातात. जुलाबाने अंगातले पाणी कमी झाले तरी डोळे खोल जातात. दोन्ही वेळी मुलाला दवाखान्याची गरज असते.

धडगाव-अक्कलकुव्याच्या पाड्यांवर मात्र अशा मुलाकडे पाहून अजूनही कुठे कुठे विचारतात, 'नजर कुणाची लागली?' बोट वळते एखाद्या विधवेकडे, एकट्या बाईकडे. तिचेही डोळे खोल गेलेले, कारण उरलेसुरले खाणारी तीच. उपाशी मुलाचा दोष उपाशी बाईच्या नजरेवर! ती डाकीण ठरते. मारहाण होते, गाव सुटते, जमीन भाऊबंदांकडे जाते.

२०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने हा गुन्हा आहे. पण कायद्याने पोट भरत नाही. मैत्रिणींनो, पाड्यावर मुलांची वजने होतात का, गरोदर बाईला अमृत आहार आणि एकटीला रेशन मिळते का, हे विचारणे हेही डाकीण प्रथेविरुद्धचेच काम आहे.