सेऊलनं उड्डाणपूल पाडला, मग वाहनं गेली कुठं?

तालुक्याच्या गावात उड्डाणपूल मंजूर झाला की आपल्याकडं फटाके वाजतात. दक्षिण कोरियाच्या राजधानीत, सेऊलमध्ये, २००३ साली उलटं घडलं. भर बाजारातून जाणारा उड्डाणपूल तिथल्या महापालिकेनं स्वतःच पाडायला घेतला.

त्या जागी आधी चॉन्गेचॉन नावाचा ओढा होता. सांडपाण्यानं त्याचं गटार झालं. मग १९५८ पासून वर स्लॅब टाकून रस्ता केला आणि पुढं त्यावरच पूल उभारला. तीस वर्षांत पूल खिळखिळा झाला, डागडुजीलाच अफाट खर्च येणार होता. २००२ च्या निवडणुकीत ली म्युंग-बाक यांनी पूल काढून ओढा मोकळा करायचा शब्द दिला आणि ते महापौर झाले.

त्या रस्त्यावरून रोज दीड लाखाहून जास्त वाहनं जायची. शहर ठप्प होणार, अशी ओरड झाली. तसं झालं नाही. २००४ साली बसचे मार्ग नव्यानं आखले, रस्त्याच्या मधोमध बसला वेगळी लेन दिली, बस आणि मेट्रोचं भाडं एकत्र जोडलं. काही वाहनं दुसऱ्या रस्त्यांनी वळली, काही लोकांनी बस-मेट्रो धरली. २००५ साली जवळपास ६ किलोमीटरचा ओढा लोकांसाठी खुला झाला.

पण याची किंमतही मोजावी लागली. ओढ्यात पाणी खेळतं ठेवायला हान नदीतून पंपानं उचलावं लागतं. तिथं पोट भरणारे फेरीवाले उठवले गेले. त्यातल्या बऱ्याच जणांना जुन्या स्टेडियममध्ये जागा मिळाली, पुढं ते स्टेडियमही पाडलं.

पुण्यात विद्यापीठ चौकातला उड्डाणपूल २०२० साली पाडला. तिथं मात्र मेट्रोसोबत नवा दुमजली पूल बांधायचं ठरलं. म्हणजे पूल पाडला, तो पुन्हा पूल बांधण्यासाठीच.

आपल्या तालुक्यात हायवेचं रुंदीकरण किंवा वळण रस्त्याचं काम आलं, तर नकाशा बघतानाच तीन गोष्टी विचारून घ्याव्यात. एसटी कुठं थांबणार? शाळेची पोरं आणि बैलगाडी रस्ता कुठून ओलांडणार? रस्त्याकडंच्या हातगाडीवाल्याला जागा कुठं मिळणार? उत्तरं तोंडी नकोत, ग्रामसभेच्या ठरावात लिहून घ्यावीत. एकदा पिलर उभे राहिले की ऐकून घ्यायला कोणी थांबत नाही.